समजा, मला हे येत नाही

इंटर्नशिपच्या कोडिंग मुलाखतीत बघण्यासारखे फक्त पहिले दोन सेकंद असतात. प्रश्न स्क्रीनवर उमटतो, मुलगा तो वाचतो आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा निखळ आनंद पसरतो. हा प्रश्न त्यानं परवाच सोडवलेला असतो. मग तो आनंद तो घाईघाईनं गिळतो, भुवया जवळ आणतो, खुर्चीत जरासा पुढे सरकतो आणि पडेल आवाजात म्हणतो, "ओके मॅम... इंटरेस्टिंग प्रॉब्लेम आहे. जरा विचार करावा लागेल."

विचार करण्यासारखं काहीही शिल्लक नसतं. उत्तर त्याला येतं. त्याला येतं हे मला कळलेलं असतं. मला कळलंय याचा त्यालाही अंदाज असतो. तरी पुढची चाळीस मिनिटं आम्ही दोघं, कंपनीच्या वेळेत आणि कंपनीच्या पैशानं, ते हरवलेलं उत्तर शोधत बसतो.

मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये, कॉलेजांत कंपन्यांची रीघ लागते तेव्हा, टीईच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या, मुलामुलींच्या मुलाखती घेते. पुढच्या उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांच्या उमेदवारीसाठी हा सगळा खटाटोप. दोन महिने स्टायपेंड, गळ्यात ओळखपत्र, फुकट कॉफी आणि काम बरं केलं तर शेवटी पीपीओ, म्हणजे डिग्री हातात पडण्याआधीच नोकरीचं पत्र. आमच्या एका इंटर्नचे वडील सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. "बाबा, मला पीपीओ मिळणार" असं पोरानं फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती म्हणे. त्यांच्या माहितीत पीपीओ एकच, पेन्शन पेमेंट ऑर्डर. आयटीत सगळं लवकर होतं हे त्यांनी ऐकलं होतं, पण इतकं लवकर होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तर या मुलाखतीची संहिता ठरलेली आहे. समजा, प्रश्न आहे 'टू सम'. संख्यांची एक रांग दिलेली, त्यातल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज अमुक होते ते शोधा. लीटकोड या सरावाच्या वेबसाइटवर हा पहिल्या नंबरचा प्रश्न. म्हणजे तिथे पाऊल टाकणारा प्रत्येक जण याच्याच अंगावरून गेलेला. पण म्हणून उत्तर फाडकन देऊन टाकलं, तर ते पाठांतर ठरतं. आधी शंका विचारायच्या. "मॅम, रांगेत निगेटिव्ह नंबर असू शकतात का?" मी गंभीरपणे सांगते, असू शकतात. मग मुद्दाम एक वाईट उत्तर द्यायचं, त्याला ब्रूट फोर्स म्हणतात: प्रत्येक संख्या उरलेल्या प्रत्येक संख्येशी जोडून बघायची. मग स्वतःच्याच उत्तरावर नाराज व्हायचं. "पण याची टाइम कॉम्प्लेक्सिटी एन स्क्वेअर होईल," हे वाक्य घरातलं कुणी गेल्याच्या सुरात म्हणायचं असतं. मग विराम. आणि त्या विरामानंतर, आत्ता या क्षणी आकाशातून पडल्यासारखं, "मॅम... आपण हॅशमॅप वापरला तर?"

"हं, गुड थॉट," मी म्हणते. माझ्या हातात त्या प्रश्नाचा कंपनीनं दिलेला कागद असतो. त्यात उत्तर असतं, पर्यायी उत्तर असतं, आणि मुलगा अडला तर कोणत्या क्रमानं कोणत्या सूचना द्यायच्या, तेही असतं. म्हणजे माझी भूमिकासुद्धा लिहून आलेली आहे.

हल्ली बऱ्याच मुलाखती मी घरूनच घेते. हॉलच्या कोपऱ्यात माझं टेबल, आणि पलीकडे सोफ्यावर सासूबाई गवार मोडत बसलेल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या. चौथीच्या स्कॉलरशिपला बसलेल्या मुलांच्या कित्येक तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यांना इंग्रजी शब्द ओळखीचे नसले, तरी कोण खरं बोलतंय आणि कोण नाही हे आवाजावरून कळतं. एकदा कॉल संपल्यावर त्यांनी विचारलं, "उत्तर तुला ठाऊक होतं ना?"

"हो."

"आणि त्या मुलालाही."

"हो आई."

"मग एवढा वेळ तुम्ही दोघं सांगत कुणाला होता?"

मी त्यांना सांगितलं, मुलगा विचार कसा करतो ते आम्ही बघतो. त्याला मोठ्यानं बोलत विचार करावा लागतो. त्यावर त्या म्हणाल्या, "अगं, विचार करताना माणूस गप्प असतो. बोलत असतो तेव्हा तो झालेला विचार सांगत असतो." आणि गवारीकडे वळल्या. गेली कित्येक वर्षं आमच्या धंद्यातले विद्वान ज्या मुद्द्यावर वाद घालतात, तो एवढाच आहे.

पूर्वी हे असं नव्हतं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या कोडी घालायच्या. गटाराचं झाकण गोल का असतं? फुजी पर्वत हलवायचा तर कसा हलवाल? विल्यम पाउंडस्टोन यांनी २००३ साली या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्याचं नावच त्या पर्वताच्या प्रश्नावरून ठेवलं. झाकणाच्या प्रश्नाचं उत्तर असं की, गोल झाकण कसंही फिरवलं तरी स्वतःच्या भोकातून खाली पडत नाही. हा प्रश्न आपल्याकडे रुजला नाही, कारण आपल्याकडे झाकण गोल का यापेक्षा झाकण आहे कुठे, ही चौकशी जास्त निकडीची असते. पुढे २०१३ साली गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी न्यूयॉर्क टाइम्सला सांगूनच टाकलं की, असली कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय; त्यातून एवढंच होतं की विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं.

कोडी गेली. आता आम्ही झाडं उलटी करायला सांगतो. झाड म्हणजे माहितीची एक रचना, मूळ वर आणि पानं खाली. ते उलटं केलं की डावीकडचं उजवीकडे जातं, एवढंच. २०१५ साली मॅक्स हॉवेल यांनी ट्विटरवर संतापून लिहिलं की, गूगलचे नव्वद टक्के इंजिनिअर आपण लिहिलेलं होमब्रू हे सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर झाड उलटं करता आलं नाही म्हणून आपल्याला नकार मिळाला. तेव्हापासून झाड उलटं करणं पोरांना तोंडपाठ आहे. होमब्रूसारखं काही लिहावं असं मात्र फार जणांनी मनावर घेतलेलं दिसत नाही. ते कोणत्याच शीटमध्ये नसतं.

शीट म्हणजे प्रश्नांची यादी. आमच्या पिढीत गेल लाकमन मॅकडॉवेल यांचं पुस्तक होतं. त्याच्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न होते आणि तेवढे केले की माणूस स्वतःला तयार समजायचा. आता होस्टेलमध्ये एकमेकांना भेटल्यावर "जेवलास का" नव्हे, "किती झाले" विचारतात. "अडीचशे." "मीडियम का हार्ड?" लीटकोडवर ४२ नंबरचा एक हार्ड प्रश्न आहे: कमी-जास्त उंचीचे खांब ओळीनं उभे आहेत, पाऊस पडला तर त्यांच्यामध्ये किती पाणी साठेल? हा प्रश्न मी ऐन पावसाळ्यात विचारते आणि पाऊण तास पाण्यातून गाडी ढकलत कॉलेजात पोचलेली मुलं त्याचं उत्तर थेंब न थेंब बिनचूक देतात. पाणी साठेल किती, हे आता साऱ्या पुण्यात तिसऱ्या वर्षाच्या कोणालाही काढता येतं. ते काढायचं कसं, हा प्रश्न अजून कुठल्या शीटमध्ये आलेला नाही.

आणि वेळ? एका प्रश्नाला साधारण वीस मिनिटं. ही वीस मिनिटं कुठून आली ते मला ठाऊक नाही, पण इतिहासात यांना मोठा मान आहे. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची रीत १९५६ साली वीस मिनिटांतच काढली होती. तीच रीत आज एसईच्या मुलांना लिहायला लावतात. फरक असा की, डायक्स्ट्रा तेव्हा ॲमस्टरडॅममध्ये आपल्या वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमले होते आणि एका कॅफेत कॉफी पीत बसले होते. कागद-पेन्सिल जवळ नव्हती, म्हणून उत्तर साधं निघालं, असं ते सांगत. आमच्या मुलाखतीत कागद-पेन्सिल नाही, ही एक अट आम्ही इमानेइतबारे पाळतो. कॉफी मात्र फक्त मुलाखत घेणाऱ्याला. वधूचं तर नावच नको. कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसला की प्रॉक्टरिंगवालं सॉफ्टवेअर लाल रेघ मारतं. आणि हेही सांगितलं पाहिजे की, डायक्स्ट्रांनी ती रीत छापायला पुढे तीन वर्षं घेतली. त्यांना कुणी "अजून पाच मिनिटं आहेत, कोड लिहून टाका" म्हटलं नाही.

बायनरी सर्च तर आम्ही वॉर्म-अपला विचारतो. म्हणजे क्रमानं लावलेल्या यादीत मधोमध बघायचं, हवं ते लहान असेल तर डाव्या अर्ध्यात जायचं, मोठं असेल तर उजव्या. जॉन बेंटली यांनी ही गोष्ट नोकरी करणाऱ्या पक्क्या प्रोग्रामरांना दोन-दोन तास देऊन लिहायला सांगितली, तर सुमारे नव्वद टक्के जणांच्या लिखाणात चूक निघाली. बेंटलींनी स्वतःच्या पुस्तकात ती बरोबर कशी लिहायची ते सिद्धतेसह दाखवलं. आणि २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं की, तशीच लिहिलेली जावाच्या संग्रहातली बायनरी सर्च चुकीची आहे; ती चूक नऊ-एक वर्षं तिथे सुखानं नांदत होती. यादी एक अब्जाहून मोठी झाली की मधला आकडा काढतानाची बेरीज मावत नाही आणि उणे होते. बेंटलींच्या सिद्धतेतही तीच चूक होती. एवढं सगळं वाचून मी दुसऱ्या दिवशी टीईच्या मुलाला प्रसन्न चेहऱ्यानं विचारते, "चला, सोप्यापासून सुरुवात करू. बायनरी सर्च?"

मुलांचा खरा शत्रू मात्र झाडही नाही आणि यादीही नाही. कुणीतरी बघतंय, हा आहे. सोसायटीच्या चिंचोळ्या पार्किंगमध्ये एरवी डोळे मिटून गाडी लावणाऱ्या माणसाला वॉचमन, इस्त्रीवाला आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका तिघंही "येऊ द्या, येऊ द्या" करायला लागले की तो हमखास भिंतीला घासतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठानं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांबरोबर हेच तपासून पाहिलं आणि २०२० साली प्रसिद्ध केलं. ४८ विद्यार्थी घेतले. काहींनी परीक्षकासमोर फळ्यावर, मोठ्यानं बोलत प्रश्न सोडवला, काहींनी खोलीत एकट्यानं. कुणी बघत असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. त्या छोट्या गटात तर असं झालं की परीक्षकासमोर एकही मुलगी पास झाली नाही, आणि एकट्यानं सोडवणाऱ्या सगळ्या मुली पास झाल्या. म्हणजे आम्ही ज्याला बुद्धीची परीक्षा म्हणतो, ती पुष्कळ अंशी सभाधीटपणाची असते.

आणि सभाधीटपणा म्हटला की पुण्यात एकच गोष्ट आठवते. साधारण याच दिवसांत भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या फेऱ्या चालू असतात. "अरे, आवाज कुणाचा" ऐकू येत असतं आणि इंजिनिअरिंगची निम्मी पोरं सबमिशन बुडवून तालमीला गेलेली असतात. प्राध्यापक हळहळतात. मला विचाराल तर प्लेसमेंटची याहून चांगली तयारी दुसरी नाही. मागे एका मुलाच्या रेझ्युमेत तळाशी लिहिलं होतं: पुरुषोत्तम, अभिनय. मी त्याला अगदी घासून गुळगुळीत झालेला प्रश्न दिला. काय काम केलं त्यानं! ब्रूट फोर्स सांगताना आवाजात किंचित संकोच. मध्येच एक चुकीची वाट धरली, दोन ओळी लिहिल्या, थांबला, स्वतःशीच हसला, खोडलं. हॅशमॅपच्या आधी तर त्यानं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. खिडकी होती की भिंत, देव जाणे. मला उत्तर माहीत असूनसुद्धा क्षणभर वाटलं, याला सुचतंय का नाही! सासूबाईंनी गवार खाली ठेवली होती.

पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी २०२२ साली करंडक कुणालाच दिला नव्हता. दर्जाला उतरेल अशी एकांकिकाच नाही म्हणाले. आमच्यातही तसे परीक्षक असतात. पण मनुष्यबळ विभागाला जागा भरायच्या असतात, त्यामुळे त्यांचं फार चालत नाही.

दुसरी एक मुलगी होती, तीही पुरुषोत्तमवाली, पण प्रकाशयोजना. तिनं प्रश्न वाचला, तिच्याही चेहऱ्यावर ते दोन सेकंद आले, आणि ती सरळ म्हणाली, "मॅम, हा मी कालच केलाय. दुसरा देता का?"

माझ्या कागदावर अशा प्रसंगासाठी एक ओळ आहे: उमेदवारानं तसं सांगितल्यास पर्यायी प्रश्न द्यावा. पर्यायी प्रश्न अवघड असतो. सोपा असता तर तोच आधी दिला असता. मी दिला. ती त्यात अडकली, चांगली दहा मिनिटं गप्प बसली. "बोलत राहा, काय चाललंय डोक्यात?" असं मी नियमाप्रमाणे विचारलं, तर म्हणाली, "मॅम, अजून काहीच चाललेलं नाहीये." शेवटी तिनं सुमारे पाऊण उत्तर लिहिलं, आणि त्यात कुठे गडबड होईल तेही आपणहून दाखवलं. आता आमच्या गुणपत्रकात रकाने चार: प्रश्नाची उकल, कोड, संवाद, तपासणी. प्रामाणिकपणाला रकाना नाही. मी ते 'संवाद'मध्ये बसवायचा प्रयत्न केला, तर प्रणालीनं विचारलं: उमेदवार बराच वेळ शांत होता का? होय किंवा नाही.

गेल्या एक-दोन वर्षांत या रंगभूमीवर तिसरं पात्र आलंय. कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं २०२५ मध्ये मुलाखतीत चोरून उत्तरं पुरवणारं एआयचं साधन काढून मोठी खळबळ उडवली, आणि विद्यापीठानं त्याच्यावर कारवाई केली. असली साधनं आता पोरांच्या स्क्रीनवर अदृश्यपणे बसलेली असतात. ओळखायचं कसं? डोळे. विचार करणाऱ्याचे डोळे वर जातात, कोपऱ्यात जातात, कुठेही जातात. वाचणाऱ्याचे डोळे डावीकडून उजवीकडे जातात आणि ओळ संपली की परत येतात. आणि यांना ब्रूट फोर्स सुचत नाही. थेट सर्वोत्तम उत्तर येतं, शिवाय व्याकरणशुद्ध इंग्रजीत. एका मुलानं तर "या ठिकाणी क्षणभर थांबा" ही सूचनासुद्धा खणखणीत आवाजात वाचून दाखवली आणि मग न थांबता पुढे गेला. मला त्या यंत्राची कीव आली. इतकं छान दिग्दर्शन, आणि नट असा!

यावर उपाय म्हणून काही कंपन्या पुन्हा समोरासमोर, फळ्यावर मुलाखती घ्यायला लागल्या आहेत. आमच्याकडेही कॉन्फरन्स रूममधला फळा पुसून ठेवलाय. तिथले मार्कर चालत नाहीत. उमेदवार पहिला उचलतो, चालत नाही, परत तिथेच ठेवतो. दुसरा, तिसरा, तसंच. वाळका मार्कर कुणीही कचऱ्यात टाकत नाही, कारण टाकला तर नवा मागावा लागेल आणि त्याला तिकीट काढावं लागतं. मार्कर मागवायचा कसा, हा आमच्या इथला खरा हार्ड प्रश्न आहे.

मुलाखतीच्या शेवटी पाच मिनिटं उमेदवाराची. "तुम्हाला काही विचारायचंय?" इथेही संहिता पक्की: "मॅम, तुमच्या कंपनीचं कल्चर कसं आहे?" कल्चर उत्तम असतं. मी सांगते, तो मान डोलावतो.

त्या प्रकाशयोजनावाल्या मुलीनं मात्र विचारलं, "मॅम, मागच्या आठवड्यात तुम्ही काय केलंत?"

मागच्या आठवड्यात मी झाड उलटं केलं नव्हतं. मी एका लक्ष्मीबाईंच्या मागे होते. ग्राहकांची नावं ठेवायच्या जागेला कुणीतरी कधी काळी वीस बाइटांची मर्यादा घातलेली. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. जोडाक्षराचा पाय मोडणारं चिन्हही वेगळं मोजलं जातं. त्यामुळे लक्ष्मीबाई आडनावापर्यंत पोचतच नव्हत्या. 'लक्ष्म' एवढंच उरत होतं आणि पुढे एक चौकटीतलं प्रश्नचिन्ह. बिलावर तसंच छापून जायचं. बाई दर महिन्याला फोन करायच्या.

मुलीनं ऐकून घेतलं. "मग मॅम, कॉलम मोठा केलात, की बाइट मोजायचं सोडून अक्षरं मोजायला लावलीत? कारण नुसता मोठा केला, तर पुढच्या महिन्यात कुणीतरी विश्वनाथशास्त्री येतील."

मी म्हटलं, तेच तर. टीममध्ये त्यावरच वाद चाललाय. आणि जुनी कापली गेलेली नावं परत कुठून आणायची, हा वेगळाच प्रश्न. ती म्हणाली, मूळ अर्ज असतील ना? स्कॅन केलेले? मी म्हटलं, आहेत, पण ते दुसऱ्या विभागाकडे. पाच मिनिटांची पंचवीस झाली. पुढचा उमेदवार वेटिंग रूममध्ये ताटकळत होता आणि मनुष्यबळातून मला तीन वेळा मेसेज आला.

कॉल संपला तेव्हा सासूबाईंची गवार कधीच मोडून झाली होती. तशाच रिकाम्या ताटलीपुढे बसून होत्या.

"घेतलीस ना हिला?"

"असं लगेच नसतं आई. चौघं बसून ठरवतात. मार्क बघतात."

"बघा बाई तुमचे मार्क. आणि त्या लक्ष्मीबाईंचं काय झालं?"

"टेस्टिंगला आहे."

"म्हणजे या महिन्यातही फोन येणार त्यांचा," असं म्हणून त्या ताटली घेऊन आत गेल्या, आणि मी पुढच्या मुलाला आत घेतलं. प्रश्न स्क्रीनवर टाकला. टू सम.

"ओके मॅम," तो म्हणाला. "इंटरेस्टिंग."